कॅटॅटोनियावरचा सव्वाशे वर्षांचा शिक्का

माणूस तासन्‌तास एकाच जागी, एकाच अवस्थेत बसून राहतो. बोलत नाही, खात नाही, डोळे उघडे असून कुणाकडे बघत नाही. त्याचा हात उचलून सोडून दिला तर तो खाली येत नाही, हवेत तसाच राहतो. हे वर्णन वैद्यकाच्या किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ऐकवा, पाठ केलेलं उत्तर लगेच येईल : कॅटॅटोनिक स्किझोफ्रेनिया. स्किझोफ्रेनियाचे प्रकार म्हटले की पॅरानॉइड, हेबेफ्रेनिक, कॅटॅटोनिक ही यादी गाइडांतून आणि नोट्समधून अजून येते. पुढे तीच केसपेपरवर उतरते आणि केसपेपरवरून घरच्यांच्या तोंडी बसते. या समजुतीला माझा विरोध आहे. कॅटॅटोनिया हा स्किझोफ्रेनियाचा प्रकार नाही. ती अनेक आजारांत उद्भवणारी, तपासून ओळखता येणारी आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांत लवकर ओसरणारी अवस्था आहे. तिला स्किझोफ्रेनियाच्या पोटात घालण्याची चूक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली, आणि तिची झळ आजच्या रुग्णांना लागते आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही कमकुवत न करता. १८७१ साली एवाल्ड हेकर यांनी हेबेफ्रेनियाचं वर्णन केलं. १८७४ साली त्यांचे सहकारी कार्ल लुडविग काहलबाउम यांनी कॅटॅटोनियावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत हे दोन्ही आणि संशयग्रस्त वेड, अशा तिन्ही अवस्था एकाच आजाराखाली आणल्या. त्या आजाराचं नाव डिमेन्शिया प्रीकॉक्स : तरुणपणी जडणारा आणि मनाचा ऱ्हास करत नेणारा. त्यांचा युक्तिवाद साधा नि जबरदस्त होता. सुरुवात तीन तऱ्हांची दिसली तरी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर शेवट एकच दिसतो, म्हणून आजार एकच. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली त्याला स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं आणि १९११ च्या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. त्याआधी मनोविकारशास्त्र म्हणजे नावांचा नुसता ढीग होता. क्रेपेलिन यांनी त्यात शिस्त आणली, हे ऋण कुणालाही नाकारता येणार नाही.

दुसरा आधार वॉर्डातल्या अनुभवाचा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत विचित्र अंगविक्षेप, एकच हालचाल पुन्हापुन्हा करणं, मूक राहणं हे खरोखर दिसतं. आजही डीएसएम-५ ही अमेरिकी वर्गीकरण-पुस्तिका स्किझोफ्रेनियाच्या पाच प्रमुख लक्षणांत कॅटॅटोनिक वर्तनाचा उल्लेख करते. तिसरा आधार आपल्याकडचा. स्किझोफ्रेनियावर जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत जे अभ्यास केले, त्यांत आग्रा आणि चंदीगड ही भारतातली केंद्रं होती. कॅटॅटोनिक प्रकाराचं निदान श्रीमंत देशांपेक्षा विकसनशील देशांत जास्त झालेलं आढळलं. मग भारतातले अनुभवी डॉक्टर म्हणतात, पुस्तकी वाद राहू द्या, आम्ही हे रोज बघतो.

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

काहलबाउम यांच्याकडेच परत जाऊ, कारण चूक कुठे शिरली ते तिथे दिसतं. जर्मनीच्या पूर्व टोकाला गेर्लित्स गावी त्यांचं खासगी रुग्णालय होतं. तिथे त्यांनी ज्या रुग्णांवरून कॅटॅटोनियाचं चित्र रेखाटलं, त्यांत खोल विषादात बुडालेले होते, उन्मादात भिरभिरणारे होते, मेंदूच्या आणि शरीराच्या आजारांनी ग्रासलेलेही होते. त्यांतले कित्येक बरे झाले. ऱ्हास अटळ आहे असं काहलबाउम यांनी कुठेही म्हटलेलं नाही. उलट शेवट चांगलाही होऊ शकतो यावर त्यांचा भर होता. क्रेपेलिन यांनी या अवस्थेचं नाव घेतलं, लक्षणं घेतली आणि तिची ही व्याप्ती मात्र बाहेर ठेवली.

का ठेवली, याचं उत्तर मला त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांच्या भिंतींत सापडतं. विषादातून कॅटॅटोनियात गेलेला रुग्ण काही महिन्यांनी आपोआप सुधारायचा आणि घरी जायचा. मेंदूज्वराचा किंवा तापाचा रुग्ण दगावायचा. वर्षानुवर्षं वॉर्डात उरायचे ते स्किझोफ्रेनियाचे. जे उरले त्यांचा शेवट सारखाच दिसणार, यात नवल ते काय? शेवटावरून आजार ठरवायचा आणि शेवट पाहायला न सुधारलेलेच उरायचे, अशी ती रचना होती.

क्रेपेलिन यांच्या हयातीतच या मांडणीला विरोध झाला. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कर्बी यांनी १९१३ साली दाखवलं की कॅटॅटोनियाचे पुष्कळ रुग्ण उन्माद-विषादाच्या आजाराचे असतात. खुद्द क्रेपेलिन यांनी १९२० च्या एका लेखात कबूल केलं की लक्षणांवरून डिमेन्शिया प्रीकॉक्स आणि उन्माद-विषाद हे आपले दोन मोठे आजार प्रत्येक वेळी वेगळे काढता येत नाहीत. पण लेख वाचणारे थोडे आणि पाठ्यपुस्तक वाचणारे हजार. पाठ्यपुस्तक जिंकलं.

मोजदाद व्हायला १९७६ साल उजाडलं. रिचर्ड एब्रम्स आणि मायकेल टेलर यांनी कॅटॅटोनियाची लक्षणं असलेले ५५ रुग्ण तपासले. त्यांतले स्किझोफ्रेनियाच्या निकषांत बसले फक्त ४. दोन तृतीयांशांहून अधिक जणांना भावावस्थेचे आजार होते, विशेषतः उन्माद. त्यांचे स्किझोफ्रेनियाचे निकष फार कडक होते असा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. निकष सैल केले की हा आकडा वाढतो. पण किती वाढला म्हणजे कॅटॅटोनिया हा स्किझोफ्रेनियाचाच प्रकार ठरेल? पाचपट झाला तरी निम्म्याहून जास्त रुग्ण बाहेरच राहतात.

आपल्याकडे कावीळ उतरवणारे असतात. त्यांच्या लेखी कावीळ हा एक आजार, आणि त्यावर उतारा एक. डॉक्टरला मात्र डोळे पिवळे दिसले की प्रश्न पडतो : यकृताला सूज आहे, पित्ताचा खडा अडकलाय, रक्तपेशी फुटताहेत की दारूने यकृत गेलंय? कॅटॅटोनियाकडेही याच नजरेनं पाहायला हवं. दिसलेली अवस्था खरी आहे, तिच्यावर तातडीने उपचारही करायचे आहेत, आणि तिच्या मागचा आजार मात्र अजून शोधायचा आहे. केसपेपरवर ‘कॅटॅटोनिक स्किझोफ्रेनिया’ लिहिलं की हा शोध सुरू होण्याआधीच थांबतो.

आता लक्षणं, कारण वाद तिथेच सुटतो. १९९६ साली जॉर्ज बुश, अँड्र्यू फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी तपासणीची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात २३ लक्षणं आहेत आणि पहिल्या १४ वरून चाळणी होते. तिला यंत्र लागत नाही, रक्ततपासणी लागत नाही. डॉक्टर रुग्णाचा हात कोपरात वाकवून सरळ करतो. मेण वाकवताना लागावा तसा संथ, सारखा विरोध लागतो का पाहतो. हात वर नेऊन सोडतो. डोकं उशीवरून अलगद उचलतो आणि उशी काढून घेतो. काही रुग्णांचं डोकं उशी नसतानाही गादीपासून काही इंच वर तसंच राहतं. ‘हात उचलू नका’ असं बजावून तो एका बोटाने हाताला हलका स्पर्श करतो, आणि हात फुग्यासारखा वर येतो. नमस्कार किंवा हस्तांदोलन करायला हात पुढे येतो, अर्ध्या वाटेत अडतो, मागे जातो, पुन्हा येतो. प्रश्न विचारला तर उत्तराऐवजी तोच प्रश्न परत येतो. डॉक्टरने डोकं खाजवलं की रुग्णही खाजवतो. याची दुसरी बाजू लोक विसरतात : काही रुग्ण गोठत नाहीत, उलट विनाकारण, विनाहेतू धावपळ करत राहतात, अंगातलं बळ संपेपर्यंत. डीएसएम-५ च्या १२ लक्षणांपैकी ३ पुरेशी होतात. या बारांत भास नाहीत, भ्रम नाहीत, संशय नाही. ज्यांवरून सर्वसाधारण माणूस स्किझोफ्रेनिया ओळखतो, त्यांतलं इथे काहीच नाही.

एक प्रसंग घ्या. तो कुणा एकीचा नाही, पण मनोविकार विभागात काम करणाऱ्यांना यातलं काहीही नवं वाटणार नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली तरुण मुलगी. बाराव्या दिवशी बारसं थाटात झालं. पुढच्या आठवड्यात ती अबोल झाली, मग बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसून राहायला लागली. बाळ रडलं तरी मान वळत नाही. अळिवाची खीर भरवायला गेलं तर ओठ घट्ट मिटते. घास घातलाच तर गालात राहतो, गिळत नाही. ओली बाळंतीण आहे, बाहेरचं असणार, म्हणून अंगारा लावून होतो. कुणी म्हणतं ढोंग आहे, सासरी जायचं नाही म्हणून. तालुक्याच्या गावी डॉक्टर तिला बघतात, कॅटॅटोनिक स्किझोफ्रेनिया लिहितात आणि हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देतात. दुसऱ्या दिवशी अंग आणखी ताठ होतं, ताप चढतो, दरदरून घाम येतो. मोठ्या रुग्णालयात आणेपर्यंत जीभ कोरडी पडलेली असते, लघवी जेमतेम.

तिथली डॉक्टर वर सांगितलेली तपासणी करते. आई विचारते, ‘‘मॅडम, तिला आमचं ऐकू तरी येतंय का हो?’’ ‘‘सगळं येतंय मावशी. म्हणून तिच्यासमोर रडू नका, आणि तिला बोल तर अजिबात लावू नका.’’ हॅलोपेरिडॉल बंद होतं, सलाईन लागतं, लोराझेपामचं एक इंजेक्शन शिरेतून दिलं जातं. मग खुर्ची ओढून डॉक्टर थांबते. पाच-दहा मिनिटांत आधी पापण्या हलतात, मग मुलगी तोंडात साचलेली लाळ गिळते, मग हवेत राहिलेला हात मांडीवर येतो. दोन-तीन दिवसांच्या उपचारांनंतर ती सांगते की आपण हललो तर छत बाळावर कोसळेल अशी तिची खात्री झाली होती. खोलीतला प्रत्येक शब्द तिला ऐकू येत होता, ‘ढोंग’ हा शब्दसुद्धा. तिचा आजार असतो प्रसूतीनंतरचा तीव्र विषाद. ‘पण छत कोसळण्याचा भ्रम होता ना, मग स्किझोफ्रेनियाच की’ असा मुद्दा इथे येतो. तीव्र विषादात भ्रम होतात, उन्मादातही होतात. भ्रम ही स्किझोफ्रेनियाची खासगी मालमत्ता नाही. कॅटॅटोनियातून बाहेर आलेले कितीतरी रुग्ण आपण भीतीने गोठलो होतो असं सांगतात. समोर निर्विकार पुतळा दिसत असतो तेव्हा आत तो माणूस भयाने थिजलेला असतो. त्याला ढोंगी म्हणणं ही मला वैद्यकीय चुकीपेक्षाही जिव्हारी लागणारी गोष्ट वाटते.

चुकीच्या शिक्क्याची खरी हानी या प्रसंगातल्या हॅलोपेरिडॉलमध्ये आहे. स्किझोफ्रेनिया म्हटलं की सायकोसिसविरोधी औषध आलंच. कॅटॅटोनियात अशी औषधं, विशेषतः जुन्या पिढीतली जोरकस, अवस्था बिघडवू शकतात आणि न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम ओढवू शकतात : ताप, लाकडासारखं ताठरलेलं अंग, वरखाली होणारा रक्तदाब, रक्तात वाढलेलं सीपीके हे स्नायूंतलं विकर. त्यात जीव जातो. औषध न देता नुसतं वाट पाहणंही घातक आहे. न हलणाऱ्या माणसाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाते; घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो; पाणी न प्यायल्याने मूत्रपिंडं बसतात. उलट लोराझेपामचा गुण ६० ते ८० टक्के रुग्णांत येतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जिथे इंजेक्शन नसेल (ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं) तिथे गोळी जिभेखाली देता येते.

लोराझेपाम हे तर झोपेचं औषध, ते गोठलेल्या माणसाला जागं कसं करेल, असं आपल्याकडचे डॉक्टरही विचारतात. शंका जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं. १९३० साली विस्कॉन्सिनमध्ये विल्यम ब्लेकवेन यांनी सोडियम अमायटल हे गुंगीचं औषध देऊन मूक रुग्णांना बोलतं केलं होतं, त्याचं चित्रणही केलं होतं. लोराझेपाम मेंदूतल्या गाबा या शामक यंत्रणेवर काम करतं. एरवी ज्या मात्रेने माणूस दिवसभर लोळत पडेल, त्याच्या कितीतरी पट मात्रेवर कॅटॅटोनियाचा रुग्ण उठून बसतो, जेवतो. या अवस्थेचा शरीरधर्म वेगळा आहे याचा मला याहून बळकट पुरावा माहीत नाही.

लोराझेपाम पुरलं नाही तर ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ते. लाडिस्लाउस मेदुना यांनी १९३४ साली बुडापेस्टमध्ये कापराचं इंजेक्शन देऊन झटका आणण्याचा पहिला प्रयोग केला तो कॅटॅटोनियाच्या रुग्णावरच. १९३८ साली रोममध्ये चेरलेत्ती आणि बीनी यांनी त्यासाठी वीज वापरली. फेफरं आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारक आहेत हा मेदुना यांचा तर्क पुढे टिकला नाही, उपचार टिकला. लोराझेपामने न सुधारणाऱ्या आणि तापाने फणफणणाऱ्या घातक कॅटॅटोनियात त्याच्या तोडीचं दुसरं काही हाती नाही.

शोध अर्धवट सोडण्याची किंमत मेंदूदाहात सर्वांत भारी पडते. २००७ साली जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह वर्णिला. पहिल्या बाराही रुग्ण स्त्रिया होत्या आणि त्यांना गाठी होत्या, बहुतेकींच्या बीजकोशात. या आजारात तरुण मुली आधी बडबडतात, संशय घेतात, मग मूक आणि ताठ होतात. न्यूयॉर्कची पत्रकार सुझाना कहालन २००९ साली अशीच मनोविकाराची रुग्ण समजली गेली होती. डॉ. सुहेल नज्जार यांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने भरले, डावी बाजू रिकामी. मेंदूच्या उजव्या भागात दाह आहे हे त्या कागदाने सांगितलं. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या उपचारांनी ती बरी झाली आणि पुन्हा लिहू लागली. स्वमग्न मुलांतही कॅटॅटोनिया होतो : लोर्ना विंग आणि अमिता शाह यांनी २००० साली ब्रिटनमधल्या आपल्या केंद्राकडे आलेल्या १५ वर्षं वा त्याहून मोठ्या रुग्णांत तो १७ टक्के जणांत नोंदवला. अशा मुलाचं चालणं-जेवणं हळूहळू थांबत जातं आणि घरचे ‘हट्टी झालाय’ म्हणतात.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा माझ्याविरुद्ध जोरात जातो. हाँगकाँगमध्ये गॅबोर उंगवारी आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांतल्या कॅटॅटोनियावर लोराझेपामची तुलनात्मक चाचणी घेतली, तेव्हा गुण आला नाही. म्हणजे स्किझोफ्रेनियात वर्षानुवर्षं मुरलेला कॅटॅटोनिया वेगळा वागतो, आणि त्याला निराळे उपाय लागतात. हे मी मान्य करतो. पण हा पुरावा कुणाच्या बाजूने आहे ते पाहा. लक्षणं सारखी असूनही मागचा आजार बदलला की औषधाचा गुण बदलतो. म्हणून तर मागचा आजार आधीच गृहीत धरायचा नाही. आणि आग्रा-चंदीगडचं म्हणाल, तर त्या अभ्यासांत मुळात स्किझोफ्रेनियाचेच रुग्ण घेतलेले होते. त्यांत कॅटॅटोनिया किती हे त्यावरून कळतं, कॅटॅटोनियात स्किझोफ्रेनिया किती हे कळत नाही.

वर्गीकरणाने आता ही दुरुस्ती केली आहे. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये कॅटॅटोनियाला स्किझोफ्रेनियाखेरीज जागा नव्हती. १९९४ साली भावावस्थेचे आणि शारीरिक आजार जोडले गेले. २०१३ साली स्किझोफ्रेनियाचे सगळेच उपप्रकार काढून टाकण्यात आले, पॅरानॉइडसुद्धा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात कॅटॅटोनियाला स्वतंत्र गट मिळाला. गाइडांतली यादी मुळातूनच रद्द झाली आहे. ती शिकवणं आता थांबायला हवं.

कायदा मात्र एका ठिकाणी आडवा येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर कलम ९५ मध्ये बंदी घातली, हे फार चांगलं झालं. पण तातडीच्या उपचारांच्या कलम ९४ मध्ये ईसीटीला पूर्ण मज्जाव आहे, आणि अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीबरोबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. घातक कॅटॅटोनियात तास मोजायचे असतात. मूक रुग्णाची संमती घेता येत नाही, म्हणून नामनिर्देशित प्रतिनिधीमार्फत दाखल करून पुढे जावं लागतं. गैरवापराची भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. तरीही दोन तज्ज्ञांनी लेखी नोंदवलेल्या, जिवावर बेतलेल्या कॅटॅटोनियापुरता अपवाद कायद्यात असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या ज्या रुग्णांच्या फायलींवर ‘कॅटॅटोनिक स्किझोफ्रेनिया’ हे जुने दोन शब्द असतील, त्या प्रत्येकाची बुश-फ्रान्सिस पद्धतीतल्या २३ लक्षणांवरून एकदा नव्याने तपासणी व्हावी. जिथे लक्षणं दिसतील तिथे लोराझेपामची चाचणी द्यावी, भावावस्थेच्या आजाराचा आणि मेंदूच्या आजाराचा शोध घ्यावा, आणि काय सापडलं ते जुन्या निदानाच्या शेजारी तारखेसह लिहावं. ही तपासणी कुठल्याही वॉर्डात खाटेशेजारी बसून होते, आणि ते औषध स्वस्त आहे.